आणखी एक बाटली
अपघातात तिच्या नवऱ्याचं रक्त भळाभळा गेलं होतं. रक्ताच्या पिशव्या वाटेवर होत्या. तोवर सलाईन हात राखूनच द्यायचं, जास्त झालं तर तेच जिवावर उठतं, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. पण ती काकुळतीला आली होती.

“अहो, बाटली संपत आली, दुसरी लावा ना!”

तिच्या समाधानासाठी त्यांनी लावली. मग आणखी एक. बीपी चढलं आणि तिच्या जिवात जीव आला.

पुढच्या चार दिवसांत त्या जादा सलाईननेच अंगभर दाह उसळला, शरीर सुजलं, फुप्फुसं भरली आणि तो गेला.

दवाखान्यातून निघताना तिने हात जोडले.

“डॉक्टर, तुम्ही माझं ऐकलंत, म्हणून चार दिवस तरी मिळाले.”

डॉक्टरांच्या ओठांवर आलेली माफी तिथेच थिजली. ती मागितली असती, तर निम्मं खापर तिच्याच माथी फुटलं असतं.