रेंजची पाळी

जानराव अंगणातल्या बैलबंडीवर बसून उंद्रीच्या साळ्याशी फोनवर भांडत होते. भांडण रोजचंच, कोणाचा बैल जास्त ओढतो यावर. आवाज असा, की फोन नसता तरी उंद्रीला पोचला असता.

हैदरभाई धापा टाकत आले. मागोमाग भिमाबाई.

"जानरावभाऊ, पाळी द्या ना मले. मदिहाले पोट्टी झाली अकोल्याले. कानात अजान देनं हाय."

जन्मल्याबरोबर नातीच्या कानात द्यायची पहिली अजान नानाचीच, असं लेकीनं कबूल केलं होतं. पण संध्याकाळची एसटी गेली होती, आणि पोरीचा कान काही सकाळच्या जीपपर्यंत थांबवता येत नव्हता.

आता रेंजचं सांगायला हवं. संग्रामपूरकडचं हे गाव डोंगराच्या आड. मोठा टॉवर पलीकडे. त्याची रेंज शाळेच्या छतावरची एक पेटी झेलते आणि गावात सोडते. झेलते ती वाटीभर. सगळ्यांनी एकदम ओढली की कोणालाच घोटभर मिळत नाही. म्हणून भिमाबाईंनी विहिरीच्या पाण्यासारख्या रेंजच्याही पाळ्या लावून दिल्या. पेटीखालच्या घरांना छोटी, नाल्याकाठच्या जानरावांना मोठी. तिथं रेंज थेंबाथेंबानं येते. मधे म्हैस आडवी उभी राहिली तर तेवढीही नाही.

"साळ्याले अजून दोन शब्द सुनवाचे राह्यले," जानराव कुरकुरले.

"बैल कुठी पळून चालला काय?" भिमाबाई म्हणाल्या.

जानरावांनी फोन कापला. हैदरभाईंनी लावला.

"अब्बा, फोन बच्ची के कान के पास रखा..." मदिहाचा आवाज तिथंच अडकला.

भिमाबाई बंडीवर चढल्या. "कोन चोरून नेट ओढून राह्यलं बे? बंद करा! हैदरच्या नातीले अजान जाऊन राह्यली!"

त्यांच्या आवाजाला पेटी लागत नाही. तरी हाक पुढच्या घरानं उचलली, त्याच्या पुढच्यानं आणखी पुढं दिली. एकेक फोन बंद झाला. खोटं वाटेल, पण त्या वेळी गावातल्या कोंबड्यासुद्धा अंडी घालून गुपचूप उठल्या.

हैदरभाईंनी डोक्यावर रुमाल टाकला आणि हलक्या आवाजात अजान दिली. एकही शब्द तुटला नाही. शेवटी पलीकडून बारीकसं रडणं आलं, मग तेही थांबलं. हैदरभाईंनी त्याच रुमालानं डोळे पुसले.

"घ्या जानराव. उरली हाय तुमची पाळी," भिमाबाई म्हणाल्या.

जानरावांनी साळ्याला फोन लावला.

"ऐक बे," ते कुजबुजले, "तुहा बैल म्हंजे निव्वळ शेळी हाय."

"काऊन जवाईबुवा, घसा बसला काय?" साळा पलीकडून गरजला.

जानरावांनी घाईनं फोनवर तळवा दाबला.

"हळू बोल ना! पोट्टी झोपली आमची."