नावाचा रकाना

यवतमाळच्या भाड्याच्या खोलीत साकेत एकटाच बसून कापूसविक्री-नोंदणीच्या वेबसाइटचा पीएचपी कोड तपासत होता. नावाच्या रकान्यात कोणी काहीही लिहिलं, की ते सगळ्यांच्या स्क्रीनवर झळकत होतं. खात्री करायला त्यानं लिहिलं, 'जेवला का रे?' हा प्रश्न त्याला दिवाळीपासून कोणी विचारला नव्हता.

चाचणी चालू वेबसाइटवरच झाली, हे त्याला ऑफिसातल्या साहेबांचा फोन आल्यावर कळलं. "अबे, घाटंजीच्या खरेदी केंद्रावरची अख्खी रांग तुले उत्तर देऊन राह्यली! पयले ते भोक बुजव!"

साकेतनं पान उघडलं. शेवटच्या नोंदीत नाव होतं, 'धनीबाई. मी भाकर बांधून आणली बाप्पा. तू जेवला का?'

"बुजवलं का?" साहेब ओरडले.

"थांबा न साहेब," साकेत म्हणाला, "आधी जेवून येतो."