उद्धवरावांच्या घरचं हळदीकुंकू

"अक्का, लाखो बायका लावायल्यात हे कुंकू. एकट्या तुमच्याच पोरीचं कपाळ कामून बिघडलं?" उद्धवराव गल्ल्यावर बसूनच म्हणाले.

मालतीबाई दुकानाची पायरी उतरल्या. लांबच्या एका कंपनीचं डबीतलं कुंकू बसवकल्याण तालुक्यात उद्धवरावच पुरवायचे, आणि दर वेळी त्यांचं हेच उत्तर ठरलेलं.

मालतीबाईंच्या लेकीचं, नलिनीचं, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. सासरी ती हेच कुंकू लावायची. आधी कपाळ खाजलं, मग सोललं, शेवटी कुंकवाच्या जागी पांढरा डाग उरला. सासू कुसुमताईंनी 'कोड' एवढा एकच शब्द उच्चारला आणि सुनेला माहेरी आणून सोडलं.

हे कोड नाही, रंगातल्या रसायनानं झालंय, असं बिदरच्या डॉक्टरांनी सांगितलं. कुसुमताईंना ते पटलं नाही. "डॉक्टर तुमच्या ओळखीचा असंल. विकणारा चारचौघांत म्हणू दे, दोष कुंकवाचा हाय म्हणून. त्याच दिवशी पोरीला नेते."

आता विकणारा कशाला म्हणतोय! कंपनीचा साहेब गाडीतून एकदा येऊन गेला. त्यानं नलिनीकडं नीट बघितलंही नाही. उन्हानं होतं असं, म्हणाला आणि दुकानात चहा पिऊन निघून गेला. पोरीचा संसार मोडला तरी यांच्या चहाची साखर काही कमी झाली नाही.

संक्रांतीनंतर उद्धवरावांच्या बायकोचं, कमलबाईंचं, हळदीकुंकवाचं बोलावणं आलं.

"त्या घरी जाणार तू?" जयतीर्थरावांनी बायकोला विचारलं.

"सवाष्णीनं बोलावणं मोडू नये," मालतीबाई म्हणाल्या. त्या इतक्या शांतपणे बोलल्या की जयतीर्थरावांना काळजीच वाटली.

दुकानामागच्या सोप्यात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. कुसुमताईही होत्या. उद्धवराव वाणाची पाटी घेऊन आत आले, आणि पाटीत काय, तर त्याच कंपनीच्या कुंकवाच्या डब्या! मालतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. लेकीचं कपाळ जाळलं ते पुरलं नाही, आता फुकट वाटायला काढलं होतं!

कमलबाईंनी चांदीच्या करंड्यातलं कुंकू मालतीबाईंना लावलं. आता उलट लावायची पाळी मालतीबाईंची. त्यांनी करंड्याला हात लावला नाही. पिशवीतून कंपनीची डबी काढली आणि झाकण उघडलं.

"मी माझ्याकडचं लावते."

"लावा की अक्का. कुंकवाला न्हाई म्हणू नये," म्हणत कमलबाईंनी डोळे मिटून कपाळ पुढं केलं. बिचारीनं कुणाचं घोडं मारलं होतं? पण मालतीबाईंची चिमूट थांबली नाही.

डब्या वाटत फिरणाऱ्या उद्धवरावांच्या हातची पाटी खाली आदळली. परक्या बाईच्या अंगाला हात लावू नये, हेही भान त्यांना राहिलं नाही. त्यांनी मालतीबाईंचं मनगट धरलं.

"थांबा! तिला लावू नका!"

"कामून? लाखो बायका लावायल्यात की."

"त्याचा रंग वाईट हाय! कंपनीनंच सांगितलंय, घरात वापरू नका, साठा तेवढा खपवून टाका म्हणून!"

एकेकीनं हातातली डबी खाली ठेवली. कमलबाई नवऱ्याकडं बघत राहिल्या.

कुसुमताई उठल्या. त्यांना मान वर करवेना. "विहीणबाई, चुकलं माझं. संध्याकाळी नलूला न्यायला येते."

मालतीबाईंनी मनगट सोडवून घेतलं आणि चिमटीतलं कुंकू स्वतःच्याच कपाळाला लावलं.

"अवो अक्का, काय करायलात!" उद्धवराव ओरडले.

"भिऊ नका," मालतीबाई म्हणाल्या. "डबी तुमची हाय. कुंकू मी घरी केलंय, हळदीत चुना नि लिंबू घालून."