निरीक्षकांची थालीपिठं

भिंतीवरचा तो फोटो दिसला की इंदूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. निवडणूक बघायला आलेल्या परदेशी निरीक्षकांना थोरल्या जाऊबाई हसत थालीपिठं वाढत होत्या. पहाटे उठून थालीपिठं थापली इंदूने, अन् गावभर मिरवल्या मात्र जाऊबाई!

निकाल लागला आणि गाव पेटलं. मोजणीत घोटाळा झाल्याची बोंब उठली, तर निरीक्षक टीव्हीवर म्हणाले, "सगळं चोख झालं."

मोर्चा थेट दारात आला. "खाल्ल्या मिठाला जागले ते! कुणी जेवू घातलं त्यांना?"

जाऊबाई पांढऱ्याफटक पडल्या. "मी नुसती वाढपी! थालीपिठं इंदूने केली होती!"

अख्ख्या गावासमोर एकदाचं तिचं नाव निघालं होतं. पदर खोचून इंदू पुढे झाली.

"अन् ठेचासुद्धा माझाच होता!"