टोचणारी लोकर

भोरच्या वकिलीणबाईंना दिवाणखान्यात अंथरायला लोकरीचं जेन विणून हवं होतं. रखमाजी सनगरानं निवडीसाठी तीन गाठोडी सोडली. बाईंनी प्रत्येक लोकर गालाला लावून पाहिली. भोंगवलीच्या मेंढ्यांची काळी टोचली. पांढरी त्याहून टोचली. कोकरांची मऊ होती, पण ती पायाखाली टिकायची नाही, असं रखमाजीच म्हणाला.

"मला टोचायला नको आणि टिकायलाही हवं," बाई म्हणाल्या. "आणि हवं ते अगदी कोरं. कुणाचं अंग लागलेलं मला खपायचं नाही."

"बगतो जी," रखमाजी म्हणाला. "पर वरीस लागंल."

बरोबर वर्षानं त्यानं धुऊन वाळवलेलं काळंभोर जेन आणून अंथरलं. बाईंनी खाली वाकून त्यावर गाल टेकवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

"याला म्हणतात लोकर! लेकीच्या सासरी पाठवायला असंच आणखी एक करा."

"व्हय जी. पर त्यालाबी वरीस लागंल."

आठ दिवसांत रखमाजीनं त्याच भोंगवलीच्या काळ्या लोकरीचं दुसरं जेन विणलं आणि स्वतःच्या घरात अंथरलं. घरातली सातही माणसं नेहमीसारखी त्यावर ओळीनं आडवी झाली.

 

"अवं," पाठ खाजवत त्याची बायको सगुणा म्हणाली, "पयलं आत्ता कुठं टोचायचं थांबलं हुतं."