गळक्या थर्मासचं भाषण

कोलकात्यात डमडमच्या आमच्या कारखान्यात कणांना प्रचंड वेग देणाऱ्या त्वरक यंत्रांसाठी क्रायोमॉड्यूल बनतात, म्हणजे द्रवरूप हेलियमने थंड ठेवायचे खोलीएवढाले थर्मास. माझा थर्मास पहिल्याच चाचणीत पास झाला, तर कुणी पाठसुद्धा थोपटली नाही. माझ्याबरोबरच पुण्याहून आलेल्या अनीशचा गळला, आणि त्याला ‘चुकांतून काय शिकलो’ यावर बोलायला जर्मनीला पाठवलं.

परत आल्यावर त्याने तेच भाषण आम्हाला ऐकवलं. मी मागच्या दाराने सटकलो आणि टपरीवर मातीच्या ‘भांड’मधला चहा पीत बसलो. गळका थर्मास बनवणाऱ्याकडून मी काय शिकायचं?

या सोमवारी माझा दुसरा थर्मास थंड करायला घेतला, आणि आतला एक जोड आकसून गळायला लागला.

“जोड बसवण्याआधी तो वेगळा थंड करून तपासायचा, हे अनीशने भाषणात पहिलंच सांगितलं होतं ना?” आमचे साहेब घोषदा म्हणाले.

मग त्यांनी खिशातून फोन काढला.


“अनीश, आता जपानला द्यायच्या भाषणासाठी तुला नवं उदाहरण मिळालंय. ये, फोटो काढून घे.”