साइट बसली

परेशच्या एकाच सर्व्हरवर पनवेलच्या तीसेक दुकानदारांच्या साइट होत्या, आणि सकाळपासून त्यातली एकही धड उघडत नव्हती. त्याच्या गाळ्यात समोर ताहिरा वैतागून बसली होती. तिचा भाऊ नोमान संध्याकाळच्या विमानाने कुवेतला परत चालला होता. त्याच्या बॅगांतून तिचा मसाला तिकडच्या गिऱ्हाइकांना जायचा. ऑर्डरी साइटवर यायच्या, आणि साइट नुसती गोल गोल फिरत होती.

सर्व्हरचा सगळा प्रोसेसर त्यावरचीच एक साइट खात होती, दाजीमामांच्या गावच्या क्रिकेट स्पर्धेची. परेशने फोन करून विचारलं, तर मामांनी अभिमानाने सांगितलं. साइट किती जणांनी पाहिली तो आकडा शेजारच्या गावाचा जास्त दिसतो, म्हणून अख्खं गाव मोबाइल घेऊन मांडवात बसवलंय. काम एकच, साइट उघडायची, बंद करायची, परत उघडायची. कप्पाळ! यांचा आकडा चढावा म्हणून बाकीच्यांनी उपाशी मरायचं.

एका साइटने इतकंच खायचं, असा लगाम घालणं दोन मिनिटांचं काम. पण दाजी परेशचे सख्खे मामा, आणि हा गाळाही त्यांचाच. त्यांच्या साइटला हात लावायचा म्हणजे उद्या गाळा रिकामा करायची तयारी ठेवायची.

"मामांना नंतर समजव," ताहिरा म्हणाली. "नोमान गेल्यावर मी कुणाच्या हातून पाठवू?"

तिचं खरं होतं, आणि म्हणूनच परेशला तिचाही राग आला. शेवटी दातओठ खात त्याने लगाम घातला. तिची साइट उघडली, ऑर्डरी यायला लागल्या, तशी ती मसाला बांधायला घरी पळाली. मामांची साइट बसली, उघडेचना.

लगेच फोन वाजला. परेशने तो कानापासून जरा लांबच धरला.

"परेश, आपली साइट बसली रं," मामा खुशीत होते. "एवढी गर्दी झाली, पार बसली. शेजारच्यांची बसली का कधी? आता चालू करू नको, आमी माईकवर सांगितलंय."

हसावं की डोकं आपटावं, परेशला कळेना. तोच दुसरा फोन आला, शेजारच्या गावच्या मंडळाचा.

"आमची साइट तुमीच घ्या. पण रविवारी फायनल हाय, तवा ती बसली पायजे."